मांजरपाटाची गाडी

माझे भावजी, म्हणजे उल्हासनगर कॅम्प तीनमधले देऊ हुडवाले, यांच्या पोटात कुठलीही गोष्ट राहत नसे. माझ्या बहिणीशी, पुतळीशी, त्यांचं लग्न ठरत होतं तेव्हाच याचा प्रत्यय आला. बोलणी पक्की झाली, गूळपाणी झालं, आणि नवरदेवाने आपण होऊन सांगून टाकलं की मागच्या खोलीचं छप्पर गळतं आणि आमची आई जरा तापट आहे. त्यांचे वडील चांगोबाबा कपाळाला हात लावून बसले. माझ्या वडिलांना मात्र मुलगा तिथल्या तिथे आवडला. खोटं बोलायला लागणारी अक्कल याच्याकडे नाही, असं ते घरी येऊन म्हणाले, आणि लग्न झालं.

भावजी मूळचे बारवी धरणाच्या अंगाच्या पाड्यावरचे. घरी थोडी भातशेती, बाकी जंगलातली कामं. मिसरूड फुटायच्या आधीच ते कॅम्प तीनला लच्छूशेठच्या दुकानात आले आणि तिथेच रिक्षांचे हुड शिवायला शिकले. मग जीपचे हुड आले, मग मोटारींची सीट कव्हरं आली. हाताला अशी काही नजर होती की टेप गळ्यात लटकत राहायचा आणि काम खडूवर व्हायचं. आधी मांजरपाटाचं, म्हणजे त्या जाडसर कोऱ्या सुती कापडाचं, कच्च्या टाक्यांचं कव्हर गाडीवरच चढवायचं, टाचण्या लावायच्या, चिमटे काढायचे, अंगासरशी बसलं की उतरवून त्यावरून रेक्झिन कापायचं. त्यांची कव्हरं कधी ढिली पडली नाहीत. तोंड मात्र कायम ढिलं.

लच्छूशेठ गिऱ्हाइकाला 'इंपोर्टेड' म्हणून रेक्झिन दाखवत असायचे आणि भावजी मागून कौतुकाने सांगायचे, "शेठ, ते आपल्या मागच्या गल्लीतल्यांनी यंदा झकास माल काढलाय." शेठ सिंधीत काय म्हणत ते मी इथे लिहीत नाही. शेवटी त्यांनी भावजींची मशीन आत, भिंतीकडे तोंड करून ठेवली. भावजी भिंतीशीही बोलत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. एक नवी गाडी येणार, असं चौकात उठलं. साधीसुधी नव्हे. आपल्याकडे तोवर काय होतं? अँबॅसिडर, फियाट, आणि अलीकडे ती चिमुकली मारुती. ही गाडी म्हणे आपल्याकडेच बनणार होती, इंजिन ट्रकच्या तोडीचं, आणि पळणार अशी की बदलापूरहून कल्याणला माणूस चहाचा घोट गिळेपर्यंत पोचेल. कुठल्या तरी इंग्रजी मासिकात अंदाजाने काढलेलं चित्र आलं होतं. ते चित्र दिनानाथने पाहिलं होतं, निदान तो तसं सांगत होता.

दिनानाथ शेअर रिक्षा चालवायचा. दिवसभर चौथी सीट भरेपर्यंत स्टँडवर उभं राहायचं आणि तोवर जगाचे निकाल लावायचे, हा त्याचा खरा धंदा. संध्याकाळी कारखान्यातून सुटलो की मीही तिथे जायचो. मी अंबरनाथच्या कारखान्यात फिटर, त्यामुळे इंजिनाच्या बाबतीत आपल्याला जरा जास्त कळतं असा माझा समज होता. मोटारीचं दार उघडून आत बसण्याचा योग मला तोवर दोनदा आला होता, दोन्ही वेळा कुणाच्या तरी वरातीत. पण बोलायला काय जातं!

"अपुन सांगतो ना, दोन दरवाजे," दिनानाथ म्हणायचा. "पावरवाली गाडी दोनच दरवाज्यांची असते. चार म्हणजे फॅमिली. फॅमिलीला पावर कशाला पायजे?"

"वेडा आहेस," मी म्हणायचो. "आपल्या देशात दोन दरवाज्यांची गाडी घेऊन माणूस सासूला कुठून बसवणार? चारच असणार."

"लगी शर्त?"

"लागली. दाल-पकवान."

शर्त लागली. चौकातल्या गाडीवरचे कुरकुरीत पकवान आणि वर गरम डाळ, हरणाऱ्याने सगळ्यांना खिलवायचं. त्या दिवसापासून चौकात दोन पक्ष पडले. दोनवाले आणि चारवाले. दिवे गोल की चौकोनी, इंजिन सहा सिलिंडरचं की आठ, यावर माणसं हमरीतुमरीवर यायची. भावजी दोन्ही पक्षांत असत. आज इकडून, उद्या तिकडून, आणि दोन्हीकडून सगळ्यांत मोठ्याने.

आणि एके दिवशी ते गप्प झाले.

का, ते मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

बदलापूरच्या कात्रपला राहणारे चिंतामणी साहेब म्हणून एक इंजिनियर होते. त्यांच्या जीपचा हुड भावजींनी शिवला होता. हे साहेब त्या नव्या गाडीवरच काम करत होते, आणि गाडी कुठे लांब नाही, आमच्या नाकासमोर अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका भाड्याच्या शेडमध्ये तयार झाली होती. आता तिला रस्त्यावर पळवून बघायचं होतं. पण रस्त्यावर काढली की लोक बघणार, फोटो निघणार, दुसऱ्या कंपन्या हुशार होणार. म्हणून तिला बुरखा हवा होता. पुढून, मागून, बॉनेटवर, काळ्या कॅनव्हासचा, दिव्यांना तेवढ्या फटी ठेवून. वाऱ्याने फडफडता कामा नये, आणि आतून गाद्या भरून खरा आकार लपला पाहिजे.

साहेबांनी एका दुपारी भावजींना जीपमधून नेलं. भावजींनी ती गाडी पाहिली. तिच्या अंगावर मांजरपाट चढवला, खडूने रेघा मारल्या, नाकापासून काचेपर्यंत हात फिरवला. चौकात माणसं जिच्यासाठी एकमेकांचे गळे धरत होती, तिच्या अंगाचं माप या गृहस्थांनी घेतलं.

निघताना साहेबांनी त्यांना थांबवलं. ते म्हणाले, "देऊ, शेडमध्ये बाहेरचा माणूस आणायचा नाही असा हुकूम आहे. मी माझ्या जबाबदारीवर तुला आणलंय. तू बाहेर बोललास तर माझी नोकरी गेली. आणि उरलेल्या चिंध्या, ही मांजरपाटाची ट्रायल, सगळं जाळून टाक."

"नाय बोलनार," भावजी म्हणाले.

साहेबांना भावजींचा हात ठाऊक होता, तोंड ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्या रात्री त्यांना झोप लागली नसती.

पण भावजी खरंच नाही बोलले. गाडीचं सांगायचं नाही म्हणून ते मुळी काहीच सांगेनासे झाले. बहुतेक त्यांना भीती असावी की एक शब्द सुटला तर मागून सगळी माळच बाहेर येईल. चौकात यायचे, तोंडात सुपारीचं मोठं खांड धरून बसायचे. दिनानाथ म्हणाला, "दिवे गोल असणार, पैज लाव," की भावजींच्या गळ्यातून म्हशीसारखा हुंकार निघायचा आणि ते उठून लांब जाऊन थुंकून यायचे. आम्हाला वाटलं दाढ दुखते.

दुकानात शेठ घाबरले. गिऱ्हाइकासमोर देऊ काही बोलत नाही म्हणजे हा नोकरी सोडून स्वतःचं दुकान काढणार, असा त्यांचा हिशेब. पुतळी तर रडकुंडीला आली. माझ्याकडे येऊन म्हणाली, "भगवान, येंचं काय तरी बिनसलंय रं. जेवतान, झोपतान, पन बोलत नाय. काल शेजारी भांडन झालं, मोठं, भांडी फेकली. मी म्हटलं, आयकलंव का? तं म्हनं, 'असंल.' असंल! या मानसाला भांडनाचं कारन ठावं नाय असं कवा झालंय?"

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी घसा बघितला, काही नाही म्हणाले. मग पुतळीने आमच्याकडचा उपाय केला. पाड्यावर गोमा भगताकडे नेलं. मीही गेलो होतो, भावजी वाटेतून पळतील या भीतीने. गोमाबाबाने सुपात तांदूळ टाकले, दाणे दोन-दोन करून सरकवले, बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "येच्या पोटान काय तरी अडकलंय. बारवीच्या रस्त्याला सकालच्या पारी येक काला जनावर धावतंय. लोकांनी बघलंय. डोलं बारीक, आवाज मोठा. तेची सावली पडलीय येच्यावर."

भावजींनी एकदम तोंडावर उपरणं दाबलं. त्यांचे खांदे हलायला लागले. पुतळीला वाटलं अंगात आलं, तिने हात जोडले. मला वाटलं रडतायत. आज कळतं की तो माणूस हसू आवरत होता. बारवीच्या रस्त्यावर पहाटे धावणारं ते काळं जनावर त्यांनीच शिवलं होतं. शिक्षणाच्या जोरावर मी तेव्हा गोमाबाबाला मनातल्या मनात अडाणी म्हटलं होतं. सगळ्या पंचक्रोशीत खरं बोलणारा तो एकटा निघाला.

कोंबडं ओवाळून झालं. फरक काही पडला नाही.

आता त्या मांजरपाटाच्या ट्रायलचं. साहेब म्हणाले होते जाळून टाक. कागद असता तर भावजींनी जाळला असता. पण कॅम्पात कापडावर जगणारा माणूस कापड जाळत नाही. तिथे चिंधीसुद्धा फेकत नाहीत. ती पोत्यात जाते आणि पोतं कारखान्यात, मशीन पुसायला. हा तर सबंध मांजरपाट, चांगला पलंगाएवढा. जाळायचा म्हणजे चुलीत भात ओतण्यापैकी. भावजींनी तो दोनदा चुलीपाशी नेला आणि दोनदा परत आणला. शेवटी घडी घालून पलंगाखालच्या ट्रंकेत, जुन्या गोधड्यांच्या तळाशी ठेवला. कुणाला दिसणार आहे तिथे?

शिमग्याला पुतळी माहेरी, म्हणजे आमच्याकडे पाड्यावर गेली. जाताना तिने वर्षाची साफसफाई केली. धुळवडीच्या दुपारी भावजी अंगाला लागलेला रंग पुसायला जुना कपडा हुडकत होते. ट्रंक उघडली. गोधड्या नीट रचलेल्या होत्या. तळाशी काहीच नव्हतं.

ते माझ्याकडे धावत आले. मी त्या वर्षी कारखान्याची पाळी होती म्हणून गावाला गेलो नव्हतो. भावजींचा चेहरा अर्धा गुलाबी, अर्धा पांढराफटक.

"भगवान, मांजरपाट गेला."

कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून सलग एवढं वाक्य निघालं होतं. मला इतका आनंद झाला की कुठला मांजरपाट हे विचारायचंच राहिलं. मग विचारलं तर म्हणाले, येक कापड हाय. कसलं? कापड. कशाचं? मांजरपाट. चोरीला गेलंय का? ठावं नाय. मग ताईला विचारू की उद्या. त्यावर ते म्हणाले, "उद्यापर्यंत राहिलं पायजे ना."

मला काही कळेना. धुळवडीला एसटी बंद, पाड्यावर फोन नाही. एका जुन्या कापडासाठी घरचा माणूस असा घामाघूम होतोय हे बघून मला गोमा भगतच बरा होता की काय असं वाटायला लागलं. मी म्हटलं, चला, चौकात जाऊ, चहा पिऊ, डोकं थंड होईल.

चौकात दिनानाथ रिक्षाच्या पायरीवर उभा होता. रंगात न्हालेला, आणि आवाज चढलेला. भोवती दोनवाले, चारवाले सगळे.

"आज सबका फैसला होणार," तो ओरडत होता. "गाडीचा असली आकार आपल्या हाताला लागलाय. असली! आपल्या माणसाने आणून दिलाय, आजच!"

भावजींनी माझा दंड धरला. इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. मी बघितलं तर त्यांचे ओठ हलत होते. नंतर त्यांनीच मला सांगितलं, की त्या क्षणी त्यांना कात्रपचं साहेबांचं घर दिसत होतं, दारात तुळस, आणि साहेब कामावर न जाता ओट्यावर बसलेले.

दिनानाथने शर्टाच्या आतून गुंडाळी काढली. हळूहळू, जादूगारासारखी उलगडली.

तो कसल्या तरी परदेशी फटाक्याच्या खोक्याचा पुठ्ठा होता. त्यावर एक लालभडक गाडी. चार गोल दिवे, शेपटाला पंख, आणि धुराच्या जागी ज्वाला.

भावजी हसले. असे हसले की पोट धरून पुढच्या रिक्षाच्या चाकाशी बसले. "पंख!" ते म्हणाले. "आरं, पंख!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गालावरचा गुलाबी रंग मानेवर उतरत होता. दिनानाथ चिडला. "तुमको क्या मालूम? तुम्ही पायली हाय काय गाडी?"

सगळे भावजींकडे बघायला लागले. त्यांनी तोंड उघडलं. मला आठवतं, त्यांचं तोंड उघडं होतं आणि जीभ हलत होती. मग त्यांनी खिशातली सुपारी घाईघाईने आत टाकली आणि मान हलवली. नाय.

पण सुटका अर्धीच झाली होती. आकार दिनानाथकडे नव्हता, एवढंच. मांजरपाट कुणाकडे तरी होताच. कॅम्पातली माणसं कशाचीही नक्कल करतात. त्या कापडावर कुणी काठ्या लावून पुठ्ठा भरला असता तर गाडीचं नाक दिवसाढवळ्या उभं राहिलं असतं. भावजी चौकातून निघाले ते मला म्हणाले, मी कात्रपला जातो.

"कात्रपला कोण आहे?"

"येक सायेब. तेंना सांगून टाकतो. दुसऱ्याकडून कलन्यापेक्षा माज्याकडून कललेलं बरं."

काय सांगणार, ते बोलले नाहीत. मी म्हटलं निदान आंघोळ करून जा, साहेबाच्या घरी हा असला चेहरा घेऊन? त्यांना पटलं. आम्ही त्यांच्या गल्लीत वळलो. तिथे जुन्या बराकी पाडून लोकांनी एकेक मजला चढवला होता. शेजारच्या जमना अम्मांनी नुकताच स्लॅब घातला होता, आणि अम्मा वरून वाकून हाका मारत होत्या.

"अड़े देऊ! पुट, ऊपर आ! हवा छूटी है, मेरे पापड़ उड़ जाएंगे! हाथ लगा!"

जमना अम्मा गल्लीतल्या सगळ्यांच्या अम्मा, आणि आम्ही सगळे त्यांचे 'पुट', म्हणजे लेक. होळीच्या सुमाराला त्यांचे वर्षाचे पापड पडायचे, आणि गल्लीतला जो दिसेल तो हाताशी धरला जायचा. जीव टांगणीला लागलेला असला तरी जमना अम्मांना नाही म्हणायची पद्धत आमच्याकडे नाही. भावजी जिना चढले. मागून मी.

वरच्या पायरीवर ते थांबले. मी त्यांच्या पाठीवर आपटलो.

गच्चीवर उन्हात एक मोठं पांढरं कापड अंथरलं होतं. चारी बाजूंना विटा. त्यावर पापडच पापड, मिरी-जिऱ्याचे, कडा वळलेले. कापडाच्या एका टोकाला दोन लांबट फटी होत्या, त्यांतून खालचा सिमेंटचा स्लॅब दिसत होता. मधोमध कापड सपाट बसत नव्हतं, फुगत होतं, म्हणून अम्मांनी खाली एक पातेलं पालथं घातलं होतं. पातेल्याच्या उंचवट्यावरही पापड होते.

मला दिसलं ते एवढंच: पापड. भावजींना काय दिसलं ते मला आता कळतं. जिच्यासाठी मुंबईहून माणसं कॅमेरे घेऊन येतील म्हणून साहेबांची झोप उडाली होती, तिचं नाक, तिचे दिवे, मोठ्या इंजिनासाठी बॉनेटवर ठेवलेला उंचवटासुद्धा, सगळं कॅम्प तीनच्या उघड्या गच्चीवर तीन दिवस ऊन खात पडलं होतं. आजूबाजूच्या साऱ्या गच्च्यांवरून दिसत होतं. आणि कुणी त्याच्याकडे पापडांपलीकडे बघितलं नव्हतं.

भावजी कापडाच्या कडेला उकिडवे बसले. त्यांनी असा श्वास सोडला की जवळचे दोन पापड उडाले.

"छा थियो, पुट?" काय झालं म्हणून अम्मा धावल्या. "पुतली ने दिया. बोली, पुराना कपड़ा है अम्मा, धो के दिया है, ले लो. तेरे काम का है क्या?"

"नाय अम्मा," भावजी म्हणाले. "नाय. पापडाचाच हाय. पापडाचाच." आणि ते हसत-रडत पापड गोळा करायला लागले. मी आजवर कुणाला पापड इतक्या मायेने उचलताना पाहिलेलं नाही.

कात्रपला जायचं त्या दिवशी राहिलं. मांजरपाट संध्याकाळी घडी होऊन घरी आला, ट्रंकेला कुलूप लागलं, आणि गावाहून आलेल्या पुतळीला पहिल्यांदाच आपल्या घरात कुलूप बघायला मिळालं. तिने कारण विचारलं. "असंल," भावजी म्हणाले. पण या वेळी म्हणताना हसले, तेवढ्यावर तिला थोडा धीर आला.

पावसाळा संपता संपता चिंतामणी साहेब दुकानात आले. जीप घेऊन नाही, रिक्षाने. शेठ जेवायला गेले होते. साहेब स्टुलावर बसले आणि म्हणाले, गाडी बंद झाली. वरून ठरलं. इंजिन परवडत नाही, बाजार नाही, आणखी काय काय. शेड रिकामी केली. गाडी कापून भंगारात गेली, कागदपत्रं मुंबईला नेली. "माझी नोकरी आहे," ते म्हणाले. "दुसरीकडे घेतलंय मला. म्हणजे तू पाळलंस, देऊ. आता बोललास तरी चालेल. आता कुणाचंच काही जात नाही."

भावजींनी मशीन थांबवली, साहेबांना 'आलो' म्हणून सांगितलं आणि घरी जाऊन मांजरपाट घेऊन आले. कापायच्या टेबलावर पसरला. मग सगळं कबूल केलं: जाळला नाही, हरवला, गच्चीवर तीन दिवस होता, वर पापड होते.

साहेब स्टुलावरून उठले. त्यांनी हात ठेवला तो नाकापासून वर सरकवत नेला, फुगवट्यापाशी क्षणभर थांबवला, तिथून काचेच्या शिवणीपर्यंत. कापडाला तेलाचे गोल डाग होते. त्यांनी वाकून वास घेतला.

"जिरं?"

"मिरी पन हाय," भावजी म्हणाले. "आनि हिंग."

साहेब हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. "बरं झालं रे," ते म्हणाले. "फार बरं झालं तू ऐकलं नाहीस ते. मला वाटलं होतं, काहीच उरलं नाही." मग जरा संकोचून म्हणाले, "मी नेऊ का हा?"

भावजींनी त्याची घडी घातली, खाकी कागदात बांधून दिली. नंतर कधी तरी मला म्हणाले, की त्या दिवशी त्यांच्या छातीवरची पाटा-वरवंट्यासारखी वस्तू कुणी तरी उचलून नेली.

त्याच संध्याकाळी ते चौकात आले. सुपारीशिवाय. दिनानाथचं चालूच होतं. गाडी दिवाळीला येणार, पक्की खबर, त्याच्या साडूच्या ओळखीचा माणूस कंपनीत आहे. चारवाल्यांनी हुर्यो केली, दोनवाले भांडायला उठले. सगळ्यांचे चेहरे कसे फुलले होते. भावजींनी ते चेहरे एकदा निरखले. मग म्हणाले, "दोन."

सगळे वळले. देऊ बोलला!

"दोन दरवाजे," भावजी म्हणाले. "दिवे लांबट. बॉनेटवर उंचवटा, हा येवढा."

"बघा!" दिनानाथ नाचायला लागला. "देऊभाऊ पण आपल्या पार्टीत!"

मी चारवाल्यांचा पुढारी. मला राग आला. "तुम्हाला काय माहीत, भावजी?"

"मना काय म्हाईत," ते म्हणाले. "मी आपला सांगतो."

आणि त्यांनी जे तोंड सोडलं ते घरी पोचेपर्यंत बंद केलं नाही. शेठचं नवं रेक्झिन, शेजाऱ्यांचं भांडण, भांडं कुणी आधी फेकलं, कुणाच्या पोराचं कुणाशी जमलंय, साठलेलं सगळं एका दमात. पुतळी दारात उभी होती. लांबूनच आवाज ऐकला आणि तिने गोमा भगताच्या नावाने हात जोडले. पुढे दर शिमग्याला ती त्याला नारळ देत राहिली.

शहाण्णव साली साहेबांनी कात्रपलाच नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला भावजी-ताईंना बोलावणं होतं, त्यांच्याबरोबर मीही गेलो. बाहेरच्या खोलीत भिंतीवर मोठ्या काचेच्या चौकटीत एक कापड लावलं होतं. पांढरं, डागाळलेलं, दोन लांबट फटी असलेलं. मला ते कुठे तरी पाहिल्यासारखं वाटत राहिलं. मी साहेबांच्या पत्नीला, कुंदाताईंना, विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ही यांची गाडी." मग साहेबांनी मला शेजारी बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. भावजी पलीकडे पंगतीत जिलेबी वाढत होते आणि सगळ्यांशी एकाच वेळी बोलत होते.

मी शर्त हरलो होतो, सात वर्षांपूर्वीच. पुढच्या रविवारी भावजींना चौकात नेलं. दिनानाथलाही बोलावलं, त्याची आता स्वतःची टॅक्सी होती, चार दरवाज्यांची. दाल-पकवान मागवलं आणि दोघांसमोर माझी हार कबूल केली. मी भावजींना विचारलं, "कमाल केलीत. सात वर्षं कसं पोटात ठेवलंत? तेही तुम्ही?"

भावजींनी पकवानाचा मोठा तुकडा मोडला, डाळीत बुडवला.

"ठेवलं कुठं?" ते म्हणाले. "सायबांनी मोकलं केलं त्याच सांजचं मी हितं चौकान उभं राहून सांगितलं. दरवाजे, दिवे, सगलं. तुमीच कोनी आयकलं नाय."